मुठीत किती किलो?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चकलीचा सोऱ्या घरात कोणाच्या हातात असतो, ते नीट बघा. वर्षानुवर्षं आईच भाजणी मळते आणि सोऱ्याही तीच दाबते. मग एका वर्षी ती भाजणी मळून सोऱ्या सुनेकडे सरकवते. "पीठ घट्ट झालंय गं, तू दाब." पुढच्या वर्षीही पीठ घट्टच होतं. तिसऱ्या वर्षी चकली बाजारातून येते. घरात कोणाला त्यात वावगं वाटत नाही, कारण वय झालं की असं व्हायचंच, हे आपण धरून चाललेलो असतो. पण त्या तीन वर्षांत आईच्या अंगातले स्नायू किती उतरले, हे सहज मोजता आलं असतं. सुई टोचायला नको, रक्त काढायला नको, पाच-सात मिनिटांचं काम.

मी बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी जाते. मला येणारी बोलावणी बहुतेक उशिराची असतात. पडून खुबा मोडलाय, शस्त्रक्रिया झालीय, आता चालवायचंय. न्यूमोनियाने दहा दिवस दवाखान्यात होते, घरी आले ते अंथरुणातून उठेनात. अशा घरी मी पहिला प्रश्न विचारते, याच्या आधी काही जाणवलं होतं का? "तसं काही नव्हतं," असंच उत्तर येतं. थोडं बोलत बसलं की मग एकेक निघतं. वर्षभर कुकरचं झाकण नातू लावत होता. ओली चादर पिळायला त्रास व्हायचा, म्हणून तशीच ठिबकत वाळत घालायच्या. नळ घट्ट बंद होत नव्हता. भाजीची पिशवी रिक्षातून उतरवून घ्यायला खाली कोणीतरी लागायचं. शरीर इतक्या वेळा सांगत होतं आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. हा लेख त्यासाठीच आहे.

हाताची पकड मोजण्याच्या यंत्राला डायनॅमोमीटर म्हणतात. मुठीत धरायचा एक दांडा, तो आवळला की किती किलोचा जोर लागला ते दाखवणारी तबकडी किंवा पडदा, एवढंच. कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये एदमे रेन्ये यांनी 1798 साली असं यंत्र लोकांपुढे ठेवलं होतं. आज दवाखान्यांत जामर नावाचं तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र दिसतं, पाहण्यांमध्ये स्मेडली नावाचं स्प्रिंगचं वापरतात आणि घरगुती वापरासाठी बॅटरीवरची साधी यंत्रं मिळतात. त्यांची किंमत घरी रक्तदाब मोजायला घेतो त्या यंत्राच्या आसपास असते.

या मोजणीचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम मुंबईतूनच चालवलं गेलं. बदलापूरहून निघून कुर्ल्याला गाडी बदलली आणि हार्बरने गोवंडीला उतरलं की देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. भारतातल्या वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लासी' म्हणतात, तो याच संस्थेने हाती घेतला. पहिली फेरी 2017-18 साली झाली आणि अहवाल जानेवारी 2021 मध्ये आला. देशभरातल्या 45 वर्षांवरच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या मिळून 72 हजारांहून जास्त लोकांच्या घरी पाहणी करणारे गेले. त्यांतले 31 हजारांहून जास्त साठीच्या पुढचे होते. उत्पन्न, आजार, मुलं सांभाळतात की नाही, असे प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. उंची, वजन, रक्तदाब, चालण्याचा वेग यांच्याबरोबर दोन्ही हातांची पकडही त्यांनी यंत्र देऊन मोजली. इतक्या मोठ्या सरकारी पाहणीत मुठीला जागा मिळाली, यावरूनच तिचं मोल कळावं.

मुठीच्या आकड्यावरून पुढचं किती कळतं? 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. भारतासह 17 देशांतल्या 35 ते 70 वयाच्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांची पकड मोजली आणि सरासरी चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पकड दर 5 किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकाराने आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने येणाऱ्या मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त होता. मृत्यूचा अंदाज वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून अधिक चांगला बांधता आला, हे त्यातलं सगळ्यांना चकित करणारं वाक्य. आपण महिन्यातून दोनदा रक्तदाब बघतो आणि मूठ आयुष्यात एकदाही मोजत नाही.

दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात मरणापेक्षा जगण्याचा विचार आहे. हवाई बेटांवर होनोलुलूत स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या पुरुषांची पकड 1965 ते 1970 दरम्यान मोजली होती. तेव्हा ते 45 ते 68 वर्षांचे आणि धडधाकट होते. पंचवीस वर्षांनी त्यांना पुन्हा गाठलं. मध्यमवयात ज्यांची पकड सगळ्यात कमी होती, त्या तिसऱ्या हिश्शातल्या लोकांना अंघोळ, कपडे, जेवण अशा स्वतःच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची वेळ येण्याचा धोका सगळ्यात मजबूत हिश्शापेक्षा दुपटीहून जास्त निघाला. म्हणून हा लेख सत्तरीतल्या वाचकांपेक्षा पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र एक गैरसमज इथेच दूर करते. मूठ कमजोर म्हणून माणूस आजारी पडतो, असं या अभ्यासांनी म्हटलेलं नाही. शितावरून भाताची परीक्षा करतो, तसं हे आहे. बोटं आवळणारे मुख्य स्नायू पंजात नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या लांब दोऱ्या बोटांपर्यंत जातात. त्यांना हुकूम देणारे मज्जातंतू मानेतून येतात. त्यांना खाऊ घालणारं रक्त हृदयाकडून येतं. अंगातले स्नायू झिजायला लागले, मज्जातंतू गळायला लागले, जेवण अपुरं पडलं, शरीरात कुठेतरी जुनी सूज धुमसत राहिली, तर ते सगळं मुठीच्या आकड्यात उतरतं. मांडीचे आणि पाठीचे स्नायू मोजायला मोठी यंत्रं लागतात, मूठ मात्र घरच्या खुर्चीवर मोजता येते. म्हणूनच मूठ मोजतात. ती बोलते हाताबद्दल कमी आणि पायांबद्दल जास्त.

स्नायू म्हणजे फक्त ताकद नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त तेच साठवून घेतात. आजारपणात शरीराला प्रथिनं कमी पडली की तीही स्नायूंमधूनच काढली जातात. स्नायू ही आपली मुदत ठेव आहे. आपल्या लोकांची ही ठेव मुळातच कमी असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवलं. 2004 साली 'लॅन्सेट'मध्येच त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरमित्राचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. म्हणजे वजनकाटा दोघांना एकाच पारड्यात तोलत होता. "मी तर सडपातळ आहे, मला काय होणार," असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता प्रत्यक्ष मोजायचं कसं ते बघू, कारण चुका इथेच होतात.

पाठ टेकता येईल अशी ताठ खुर्ची घ्या. सोफा नको, पलंगाची कड नको. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली असावीत. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि अंगठा छताकडे. अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि बांगड्या मनगटाच्या वर सरकवा. यंत्राचा दांडा पुढे-मागे करता येतो. पकडल्यावर तर्जनीचं मधलं पेर साधारण काटकोनात येईल इतपत तो सरकवून घ्या. लहान चणीच्या बायकांच्या हातात मोठ्या मापाचा दांडा दिला की आकडा विनाकारण कमी येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. यंत्र किलोवर लावलंय की पौंडावर, तेही तपासा. पौंडाचा आकडा किलोच्या सव्वादोन पटीच्या जवळपास असतो आणि तो किलो समजून माणूस निर्धास्त होतो.

मग श्वास सोडत सोडत, जितका जोर आहे तितका लावून तीन ते पाच सेकंद आवळा. श्वास रोखून धरू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. समोरच्याने मोठ्याने "दाबा, दाबा, अजून दाबा" म्हणायचं. हे उगाच नाही, आवाजाने खरोखरच फरक पडतो. म्हणून दर वेळी म्हणा किंवा कधीच म्हणू नका. आधी उजवा, मग डावा, मध्ये मिनिटभर विसावा, असं प्रत्येक हाताने तीन वेळा करा. सहा आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा तुमचा. वहीत तारीख, वेळ, कोणता हात, कोणतं यंत्र आणि सहाही आकडे लिहा. पुढच्या वेळी तेच यंत्र, तीच खुर्ची आणि शक्यतो तीच वेळ ठेवा. सकाळी उठल्या उठल्या बोटं आखडलेली असतात, तेव्हा मोजू नका.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. हाताची किंवा मनगटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, मोतीबिंदू काढून थोडेच दिवस झालेले, हर्नियाचा त्रास असलेले, रक्तदाब फार वर गेलेले, छातीत दुखत असलेले लोक यांत येतात. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केलेला आहे, तो हात तर मोजायचाच नाही.

आता आकड्याचा अर्थ. स्नायूंच्या वयोमानानुसार होणाऱ्या झिजेला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द 1989 साली अर्विन रोझेनबर्ग यांनी दिला. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने 2019 साली ठरवलेल्या सीमेनुसार पुरुषाची पकड 28 किलोच्या खाली आणि स्त्रीची 18 किलोच्या खाली असेल, तर ती कमी धरायची. युरोपातल्या गटाने हीच सीमा 27 आणि 16 धरली आहे. म्हणजे डॉक्टरांमध्येही एकच आकडा ठरलेला नाही. त्यातून दक्षिण आशियातल्या लोकांची पकड युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा सरासरीने कमी भरते. पाच फुटांहून कमी उंचीच्या, आयुष्यभर बारीक राहिलेल्या आजींची पकड 16 किलो भरली आणि त्या चौथ्या मजल्यावरून रोज भाजीला खाली उतरत असतील, तर मी त्यांना घाबरवणार नाही. उलट साठीतल्या उंच, रुंद गृहस्थांची पकड दोन वर्षांत 38 वरून 31 वर आली, तर सीमेच्या वर असूनही मी त्यांना बसवून सगळं विचारीन.

म्हणून एका आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. दोन मोजण्यांत एक-दोन किलोचा फरक पडतोच, तो मनावर घेऊ नका. पाच-सहा किलोंनी आकडा उतरला आणि पुन्हा मोजूनही तसाच राहिला, तर डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. पकड साधारण तिशीत सगळ्यात जास्त असते, चाळिशीपर्यंत टिकते आणि मग हळूहळू उतरते. उतार प्रत्येकाला आहे. तो किती वेगाने होतोय, हे वही सांगते.

कमी आकड्याचं कारण हातातच असू शकतं, हेही विसरू नका. पावसाळ्यानंतर आपल्याकडे चिकनगुनियाच्या साथी येतात आणि बोटांची पेरं महिनोन्‌महिने दुखत राहतात. तेव्हा मूठ दुखण्याने ढिली पडलेली असते. रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं, हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण आहे. मधुमेह जुना असेल तर देवापुढे हात जोडून बघा. दोन्ही तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर बोटांचे सांधे आखडत चालले आहेत. हे डॉक्टरांना जरूर दाखवा. बी-12 किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मानेतली दबलेली नस अशी कारणंही निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

एक गोष्ट मात्र वहीची वाट बघण्याची नाही. एका हाताची पकड अचानक गेली, हातातला कप सुटला, त्याच बाजूचं तोंड वाकडं दिसतंय किंवा बोलणं जड झालंय, तर तो पक्षाघाताचा झटका समजा. तेल चोळू नका, झोपवून सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातली तपासणीची आणि रस्त्याची वेळ वजा केली की हातात फार थोडा वेळ उरतो. लक्षण किती वाजता सुरू झालं, ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

यंत्र नाही, त्यांनी काय करायचं? भिंतीला टेकवून एक खुर्ची ठेवा. हात छातीवर घडी घालून, पूर्ण उभं राहत आणि पूर्ण बसत, पाच वेळा उठा-बसा. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. आशियाई गटाच्या मापाने याला 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पाय कमजोर पडत चालले आहेत. दुसरी चाचणी चालण्याची. इमारतीच्या आवारात किंवा लांबट खोलीत मोजपट्टीने 4 मीटरची खूण करा आणि नेहमीच्या चालीने ते अंतर चाला. धावायचं नाही, दाखवायचं नाही. 4 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला एका मीटरच्या खाली आहे. पोटरीचा सगळ्यात जाड घेर मोजला तर तोही बोलतो. पुरुषांचा 34 आणि स्त्रियांचा 33 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता धरतात. या तीन गोष्टी पकडीची जागा घेत नाहीत, पण वहीत त्यांनाही एक रकाना द्या.

इथे बदलापूरकरांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यातल्या हजारो माणसांनी तीस-पस्तीस वर्षं रोज सीएसएमटीपर्यंतचे 68 किलोमीटर गाठले. पुलाचे जिने, फलाटावरची धावपळ, डब्यातल्या कडीला लटकत काढलेला तासा-दीड तासाचा उभा प्रवास. हा त्रासच होता, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्या त्रासात मूठ आणि मांड्या रोज कामाला लागत होत्या. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते सगळं एकदम थांबतं. "आता आराम," म्हणून जो माणूस खुर्चीत बसतो, त्याचे स्नायू वर्षा-दोन वर्षांत किती उतरतात, ते मी घरोघरी बघते. निवृत्तीच्या महिन्यात पकड मोजून ठेवा आणि वर्षाने पुन्हा मोजा, एवढं तरी कराच.

मूठ कमी भरली म्हणून रबरी चेंडू आणून दिवसभर दाबत बसणं हा उपाय नव्हे. त्याने यंत्रावरचा आकडा थोडा वाढेल, पण ज्यासाठी मोजलं ते मांडी, पाठ, दंड तसेच राहतील. दुखऱ्या सांध्यांचं दुखणं वाढेल ते वेगळंच. ताकद सगळ्या अंगाची वाढवायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलं की मोठ्या स्नायूंचे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस हवेत आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम किमान तीन दिवस. नुसतं चालणं चांगलंच आहे, पण त्याने ताकद फारशी वाढत नाही. संध्याकाळी नियमाने फेरी मारणाऱ्यांना हे पटत नाही, तरी मी सांगत राहते.

घरात करता येतील अशा गोष्टी सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आठ ते बारा वेळा, मध्ये दम घेऊन अशा दोन फेऱ्या. भिंतीला तळवे टेकून भिंतीवरचे दंड. ओट्याची कड धरून टाचा उचलणं. दोन पिशव्यांत प्रत्येकी किलो-दीड किलो तांदूळ घालून, दोन्ही हातांत धरून, ताठ मानेने घरातल्या घरात चालणं; यात मूठ, खांदे, पाठ आणि पाय एकदम कामाला लागतात, म्हणून हा माझा सगळ्यात आवडता व्यायाम आहे. जाड टॉवेल भिजवून दोन्ही दिशांना पिळणं. आमच्या भागातल्या बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, तर कठडा धरून एक मजला जास्तीचा चढा आणि सावकाश उतरा. बारा वेळा करूनही सोपं वाटायला लागलं की वजन थोडं वाढवा. वाढवत नेलं नाही तर ताकद तिथेच थांबते.

"आता या वयात काय होणार," हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. 1990 साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी 90 वर्षं वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीच पटींहून जास्त झाली. नव्वदीत हे होत असेल तर पासष्टीतल्या माणसाने हात टेकायचं कारण नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. आपल्या ताटात ती सहसा भरत नाहीत. वाटीभर पातळ वरणात डाळ असते 20-30 ग्रॅम, त्यातून मिळतात पाच-सात ग्रॅम. एका अंड्यातून 6, पेलाभर दुधातून 6-7, मूठभर शेंगदाण्यांतून 7, सोयाबीनच्या 30 ग्रॅम वड्यांतून सुमारे 15 ग्रॅम. म्हणून वरण घट्ट करा, रोज एका जेवणात मटकीची, चवळीची, हरभऱ्याची उसळ असू द्या, पोह्यांबरोबर एक अंडं किंवा वाटीभर दही घ्या, खाणाऱ्यांनी सुकट-बोंबील खा. सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर ढकलू नका, तिन्ही वेळा वाटून घ्या. घरातल्या आजींचे उपास मोजा. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरली तर महिन्यातले सात-आठ दिवस होतात आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपास मोडा असं मी कोणाला सांगत नाही. त्या दिवशी दूध, दही आणि दाण्याचं कूट वाढवा एवढंच सांगते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं किती घ्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

ही ताकद लागते कशाला, हे मांजर्लीतल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी पश्चिमेच्या सखल भागांत शिरलं. अशा वेळी तळमजल्यावरचा म्हातारा माणूस कठडा घट्ट धरून स्वतःच्या पायांनी वरच्या मजल्यावर जाऊ शकतो की त्याला चौघांनी उचलावं लागतं, हे त्या दिवशी ठरत नाही. ते आधीच्या दहा वर्षांत ठरलेलं असतं.

ज्येष्ठ नागरिक संघांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे. एक यंत्र वर्गणीतून घ्या. ते कार्यालयात ठेवा, एका फिजिओथेरपिस्टला बोलावून दोघा-तिघांना मोजायला शिकवून घ्या आणि दर तीन महिन्यांनी, रक्तदाब तपासता त्याच दिवशी, सगळ्यांच्या मुठी मोजा. प्रत्येकाची एक वही करा. आणि तुम्ही, जे हे वाचत आहात, येत्या वाढदिवसाला आपला आकडा लिहा आणि त्याच बैठकीत आईचाही लिहून घ्या.